डोनट उशी: आठ महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये लेकीच्या वाढदिवसाला क्रोशाची डोनट उशी विणली. आता फेब्रुवारी चालू आहे. एवढ्या दिवसांत ती सोफ्यावर, गादीवर, गाडीत, दोनदा बादलीत आणि एकदा वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली. विणायचं कसं हे दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. विणून झाल्यावर उशीचं काय होतं, हे मला आधी कळलं असतं तर मी ती वेगळ्या पद्धतीने भरली असती.

दोरा घेतला शेनिलचा, दुकानात त्याला वेल्वेट लोकर म्हणतात. सुई 5 मिमीची. बिस्किटी रंगाचे दोन गुंडे, गुलाबी दोन, प्रत्येकी 100 ग्रॅम, शिवाय आत भरायला अर्धा किलो फायबर (कापसासारखा कृत्रिम तंतू). सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. शेनिलच्या लवेत टाके दिसत नाहीत, बोटाने चाचपून मोजावे लागतात. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर नसेल तर हिशेब चुकणारच. आणि दोन-तीनदा उसवलं की लव गळून आतला बारीक दोरा उघडा पडतो. पहिल्यांदाच क्रोशे हातात घेतला असेल तर साध्या अ‍ॅक्रिलिक लोकरीने करा, असं मी मनापासून सांगेन.

माझा हिशेब असा होता: 30 साखळ्यांचं कडं (पीळ पडू न देता जोडायचं), मग मुक्या खांबांनी (सिंगल क्रोशाच्या आखूड टाक्यांनी) दर फेरीला 6 टाके वाढवत 16 फेऱ्यांत 126. नंतर 8 फेऱ्या सरळ, त्यांच्या मध्यावर रंग बदलला. पुढे तसेच 6-6 घटवत परत 30, आणि फायबर भरून ही कड सुरुवातीच्या कड्याला शिवली, तेच मधलं भोक. साडेतीन हजार टाके झाले, संध्याकाळी तासभर बसून तीन आठवडे लागले. रंग बदलला ती फेरी मागच्या फाशात विणली आणि मोकळ्या राहिलेल्या पुढच्या फाशांत, तुकडा उलटा धरून, पाच-पाच खांबांच्या पाकळ्या घातल्या. त्यामुळे आयसिंग खरंच ओघळल्यासारखं दिसतं. एका पाकळीला 6 टाके लागतात, म्हणजे 126 मध्ये बरोबर 21 पाकळ्या. मोदकांचाच आकडा आला म्हणून सासूबाई इतक्या खूश झाल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मोजून दाखवायच्या.

वरच्या रंगीत दाण्यांपैकी निम्मे फेल्टचे कापून गोंदाने चिकटवले होते, निम्मे लोकरीने टाके घालून भरले होते. चिकटवलेले दिवाळीपर्यंत एकेक करून सुटले. भरलेले सगळे जागच्या जागी आहेत. घरात लहान मूल असेल तर मणी तर लावूच नका.

खरी अडचण आली पावसाळ्यात. उशीवर दूध सांडलं, मी ती जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये टाकली. बाहेरची लव छान स्वच्छ झाली, पण आतल्या फायबरच्या गाठी झाल्या आणि उशी एका बाजूला फुगून दुसरीकडे चपटी पडली. ऑगस्टची दमट हवा, चार दिवस पंख्याखाली ठेवली तरी आत ओल होतीच. वास यायला लागल्यावर भोकाकडची शिवण उसवली, फायबर बाहेर काढला, तेव्हा कुठे तो वाळला. मग सासूबाईंनी आणि मी एक दुपारभर बसून तो हातांनी पिंजला.

तेव्हाच जुन्या सुती चादरीची दोन वर्तुळं कापून, मधलं भोक ठेवून, आतली वेगळी पिशवी शिवली आणि फायबर तिच्यात भरला. क्रोशाचं कव्हर भोकाच्या बाजूने पूर्ण उघडलं की टायरसारखं दिसतं आणि ही पिशवी त्यात ट्यूबसारखी बसते. वर जाड सुती दोऱ्याने 30 टाके घातले की झालं. धुताना तेवढेच कापायचे, पिशवी बाहेर काढायची आणि कव्हर गार पाण्यात हाताने धुऊन टॉवेलवर आडवं वाळवायचं. दुसऱ्या दिवशी कोरडं! आकारही सुधारला, शिवाय पिशवी असल्यावर लवेतून फायबरचे तंतू डोकावत नाहीत.

वापराचं म्हणाल, तर बसायला ती मऊ पडते, मोठं माणूस दहा मिनिटांत जमिनीला टेकतं. मे महिन्यात अंगाला गरम होईल असंही वाटतं, कारण दोरा पॉलिएस्टरचा आहे. पण लेकीने नोव्हेंबरमध्ये कानाला वरच्या बाजूला दुसरं टोचून घेतलं, तेव्हा उशीचा जो उपयोग झाला तो मी योजलाच नव्हता. कुशीवर झोपताना कान बरोबर भोकात जातो, दाब येत नाही. पहिल्या रात्री साध्या उशीवर ती रडत उठली होती, दुसऱ्या रात्री डोनटवर सकाळपर्यंत झोपली. कान बरा झाला तरी उशी अजून तिच्याच पलंगावर आहे.

आता धाकट्या भाचीसाठी दुसरी विणायला घेतली आहे. या वेळी आतली पिशवी आधी शिवून ठेवली आणि मगच 30 साखळ्या घातल्या.