इनडिरेक्ट स्पीच आणि पॅसिव्ह व्हॉइसचा सराव: सुटी वाक्यं की उतारा?

इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगायचं (इनडिरेक्ट स्पीच) किंवा कर्त्याऐवजी कर्मापासून वाक्य सुरू करायचं (पॅसिव्ह व्हॉइस), याचे नियम बहुतेकांना पाठ असतात. 'विल'चं 'वुड', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. पॅसिव्हमध्ये कर्म पुढे आणि क्रियापदाचं तिसरं रूप. घोडं अडतं ते सरावापाशी. सराव दोन प्रकारे करता येतो: एकेक सुटं वाक्य बदलत जायचं, नाहीतर आख्खा संवाद किंवा उतारा घेऊन तो नव्याने लिहायचा. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिला प्रकार टाकाऊ आहे असं नाही.

सुट्या वाक्यांनी हात बसतो, आणि काही ठिकाणी तो तसाच बसवावा लागतो. 'द डॉग इज बीइंग वॉश्ड'मधलं 'बीइंग' गळलं आणि शेवटी 'वॉशिंग' आलं की कुत्राच धुणं धुवायला बसतो. 'डिड ही ब्रेक द कप?'चं पॅसिव्ह करताना 'डिड' तसाच ठेवायचा मोह होतो, खरं तर तो जाऊन 'वॉज द कप ब्रोकन बाय हिम?' व्हायला हवं. 'शी मेड मी वेट'मध्ये 'टू' नाही, पण 'आय वॉज मेड टू वेट'मध्ये तो येतो. इनडिरेक्टमध्ये तीच गत: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' असं हवं असताना 'व्हेअर डिड आय लिव्ह' लिहिलं जातं, कारण प्रश्नाची रचना जिभेवर असते. अशा रचना उताऱ्यात क्वचितच येतात, त्यामुळे त्या मुद्दाम घोटाव्या लागतात. एका काळाची दहा वाक्यं, मग काळ मिसळून वीस, एवढं पुरे. एकाच काळाची पन्नास घेतली तर पंधराव्यानंतर क्रियापद न वाचताच हात चालतो. मिसळलेल्या वाक्यांत 'द ट्रेन अराइव्ड लेट' किंवा 'शी रिझेम्बल्स हर मदर' अशी, पॅसिव्ह होतच नाही अशी, दोन-तीन वाक्यं जरूर टाकावीत.

सुट्या वाक्यांवरचं माझं मन उडालं ते उत्तरसूचीमुळे. 'ही सेड, "आय विल कम हिअर टुमॉरो."' हे वाक्य घ्या. उत्तरसूचीत एकच उत्तर: 'ही सेड दॅट ही वुड गो देअर द नेक्स्ट डे.' आता बोलणाऱ्याने हे सकाळी याच खोलीत म्हटलं आणि आपण संध्याकाळी याच खोलीत ते सांगतोय असं धरा. मग 'ही सेड ही वुड कम हिअर टुमॉरो' हेच बरोबर. 'देअर' आणि 'द नेक्स्ट डे' म्हणालो तर ऐकणारा भलत्या ठिकाणी जाईल. 'शी सेड, "आय लिव्ह निअर द स्टेशन"' याचंही तसंच. ती अजून तिथेच राहत असेल तर 'शी सेड शी लिव्ज निअर द स्टेशन' चालतं, पण सूचीला 'लिव्ड'च हवं. म्हणजे इंग्रजी बरोबर आणि खूण चुकीची. कुणी सांगितलं, कुठे, कधी, यातलं काहीच त्या सुट्या ओळीत नसतं, तर शिकणाऱ्याने ठरवायचं कशावरून? तो नियमांच्या तक्त्यावरून ठरवतो, आणि तीच सवय पुढे बोलताना नडते. पॅसिव्हमध्ये हाच त्रास वेगळ्या रूपात येतो. 'आय ड्रँक द वॉटर'चं 'द वॉटर वॉज ड्रंक बाय मी' केलं की पूर्ण गुण मिळतात. व्याकरण निर्दोष, पण असं बोलतं कोण?

मराठी माणसासाठी यात आणखी एक खोच आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यात 'की' आला तरी 'मी' आणि 'येतो' दोन्ही मूळ बोलण्यातलेच राहतात. इंग्रजीत दोन्ही हलतात. सुट्या वाक्यात सर्वनाम यंत्रासारखं बदलून निभावतं. उताऱ्यात तीन माणसं असली की 'मी' म्हणजे नक्की कोण, हे दर ओळीला ठरवावं लागतं, आणि ती सवय तिथेच लागते.

उताऱ्याचा सराव असा करावा. दोघांचा आठ-दहा ओळींचा संवाद घ्यायचा. वहीत वर तीन गोष्टी लिहायच्या: कोण सांगतंय, कुठे, किती वेळाने. मग ऐंशी-शंभर शब्दांत तो सलग लिहायचा. 'सेड' जास्तीत जास्त दोनदा. बाकी ठिकाणी 'प्रॉमिस्ड', 'रिफ्यूज्ड', 'सजेस्टेड', 'वॉर्न्ड' यांतलं जे बसेल ते. इथे क्रियापदामागची रचनाही सांभाळावी लागते: 'रिफ्यूज्ड टू गो' पण 'सजेस्टेड गोइंग'. तपासताना तीन फेऱ्या: एकीत फक्त सर्वनामं, दुसरीत काळ, तिसरीत वेळ-स्थळाचे शब्द. एकाच फेरीत सगळं पाहिलं तर हटकून काहीतरी सुटतं. शेवटी वरची चौकट बदलून, म्हणजे त्याच दिवशीऐवजी आठवड्याने सांगतोय असं धरून, तोच उतारा पुन्हा लिहायचा. काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे समोर दिसलं की 'टुमॉरो'चा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

पॅसिव्हसाठी एखाद्या प्रक्रियेचं वर्णन उत्तम. 'वर्कर्स कलेक्ट द ग्लास. दे क्रश इट. देन दे मेल्ट इट इन अ फर्नेस.' सुटी वाक्यं धरली तर तीन वाक्यं होतात आणि 'बाय देम' दोनदा येतं. उतारा म्हणून लिहिलं की 'द ग्लास इज कलेक्टेड, क्रश्ड अँड मेल्टेड इन अ फर्नेस.' एका 'इज'वर तिन्ही क्रियापदं निभावली आणि 'बाय' गळून पडला, कारण काच कोण फोडतो याच्याशी वाचणाऱ्याला काही देणंघेणं नाही. मराठीतली कर्ता नसलेली वाक्यंही यासाठी कामाची: 'चोराला पकडलं', 'सभा पुढे ढकलली'. इंग्रजीत क्रियापदाआधी नाम किंवा सर्वनाम लागतंच, म्हणून तिथे 'द थीफ वॉज कॉट' आपसूक येतं, ओढूनताणून आणावं लागत नाही.

उताऱ्याची अडचणही आहे. उत्तरसूची नसते, तपासायला वेळ जातो, आणि शिकणारा अवघड रचना शिताफीने टाळतो. परीक्षेत 'बिगिन विथ: इट इज सेड...' अशीच सूचना येणार असेल, तर शेवटचे दोन-तीन आठवडे सुट्या वाक्यांना द्यावेत, तिथे उताऱ्याचा फारसा उपयोग नाही. एरवी, 'बी'ची रूपं ('इज', 'वॉज', 'बीइंग') आणि प्रश्नांची रचना न अडखळता येऊ लागली की उताऱ्याकडे वळावं असं मला वाटतं. तपासायला कुणी नसेल तर आपला उतारा चार दिवसांनी, मूळ संवाद न बघता, परत संवादात बदलून पाहावा. 'ही टोल्ड हिम दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक' अशा वाक्यापाशी पुस्तक कुणाचं आणि हरवलं कुणी हे कळेनासं होतं. तिथे एका 'ही'च्या जागी नाव घालायचं.