सरावक्षेत्रातली मातीची धूप: समीकरण बरं की सळई?

देवळालीसारख्या तोफखान्याच्या सरावक्षेत्रात पाणलोटातून माती किती वाहते, हे काढायचे दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे यूएसएलई (युनिव्हर्सल सॉइल लॉस इक्वेशन) हे मातीच्या धुपेचा अंदाज देणारं समीकरण. पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उतार, झाडोरा आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार करायचा, की उत्तर दर हेक्टरी वर्षाला इतके टन. उपग्रहाची चित्रं आणि उंचीचे नकाशे हाताशी असले की आत पाऊलही न टाकता अंदाज येतो. फायरिंग चालू असताना ही सोय मोठीच! पण समीकरण घडलं अमेरिकेतल्या शेतांवर, २२.१ मीटर लांब आणि ९ टक्के उताराच्या प्रमाण वाफ्याला धरून. ते खोल घळींची धूप मोजतच नाही. आणि इथे तर जड गाड्यांच्या चाकोऱ्यांतूनच घळी फुटतात. शिवाय पावसाचा आकडा धो-धो पावसाच्या इगतपुरीचा घेतला तर कमी पावसाच्या सिन्नरकडच्या उताराचं उत्तर पार फसतं.

दुसरा रस्ता सळयांचा. लोखंडी सळई ठोकायची, पावसाळ्याआधी आणि नंतर उघडी लांबी मोजायची. १ मिलिमीटर थर गेला म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, साधारण १३ टन माती. मुरमाड उतारावर हे झकास चालतं. काळ्या मातीत मात्र जमीनच फुगते-आकसते, वाचन फसवं निघतं. आणि न फुटलेल्या गोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय तिथे हातोडा उचलायचाच नाही.

माझं मत: आधी समीकरणाने जास्त माती वाहणारे उतार हेरा, मग सळया फक्त तिथेच.