कारचे ब्रेक पॅड बदलायचे की थेट बिग ब्रेक किट, म्हणजे मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा संच?
रोज अंधेरी ते वरळी आणि वर्षातून एकदा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे हा रेसिंग ट्रॅक असेल, तर माझं मत आधी पॅड आणि ब्रेक ऑइलला. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस. ओलावा शोषल्यावर मानक १५५ वरच समाधान मानतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! ट्रॅकवर ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट तळाला. मात्र निव्वळ ट्रॅकचे पॅड सिग्नलला थंड असताना नीट पकडत नाहीत, वर किंचाळतात.

बिग ब्रेक किटची मोठी डिस्क सलग लॅप्सची उष्णता पचवते, पण एकदाच करकचून ब्रेक मारलात तर थांबण्याचं अंतर टायरच्या पकडीवरच ठरतं. शिवाय मोठी डिस्क बसवायला बहुतेकदा मोठी चाकं, पातळ टायर आणि पुढे जुलैतले खड्डे.