कील बोल्ट करून घेतले हिंगण्याला
बोट मुंबईला, आम्ही नागपूरला. तरी कील बोल्ट, म्हणजे बोटीच्या तळाखालची जड कील बोटीला धरून ठेवणारे बोल्ट, मी इथल्याच हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या लेथ वर्कशॉपमधूनच करून घेतले. काम अव्वल झालं. जुन्या शिडाच्या बोटीत वरचा नट चकचकीत दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका, एखादा बोल्ट बाहेर काढून बघाच. आमचा दोन्ही टोकांना ठणठणीत होता, पण हल (बोटीचं मुख्य अंग) आणि कील जुळतात तिथे कमरेत पार खाल्लेला. फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही, आणि स्टेनलेस नेमकं तिथेच सडतं.

वर्कशॉपवाल्या भाऊंनी तुकडा हातात फिरवून पाहिला, आट्यांचं अंतर मोजायला पिच गेज लावला आणि सरळ म्हणाले, "३०४ नको, ३१६ घ्या." हे स्टेनलेसचे ग्रेड; ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच तारतं. चुंबकाने दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून रॉडचं टेस्ट सर्टिफिकेट त्यांनी न मागता दिलं. आटे इतके साफ की नट बोटांनी शेवटपर्यंत गेला. बसवताना अँटी-सीझ पेस्ट मात्र लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस जाम बसतं.

भाव वाजवी, पण वेळ लागतो. पावसाळ्यात बोट वर काढलेली असतानाच ऑर्डर द्या.