भर उन्हात २० पट की ६० पट?

फेब्रुवारीत सकाळी सातला नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात स्टँडवरची दुर्बीण ६० पटीवर, म्हणजे ६० पट मोठं दाखवेल अशी, लावली, तर दूरच्या चक्रवाक बदकाचं पीस न् पीस वेगळं दिसतं. अकरानंतर तोच पक्षी वाहत्या पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. दोष काचेचा नाही. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची दाट राहते आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. दुर्बीण पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करते.

म्हणून दुपारी मी २० पटीवरच राहतो. चित्र लहान, पण कडा ठाम. उजेडही जास्त: ६० मिलिमीटरच्या भिंगातून २० पटीला डोळ्यात ३ मिलिमीटरचा झोत येतो, ६० पटीला फक्त १ मिलिमीटरचा.

दुर्बीण लावून लांबवर नेम धरणाऱ्या रायफल नेमबाजांचंही हेच. लक्ष्याचं चित्र वाऱ्याच्या दिशेला सरकल्यासारखं भासतं आणि नेम त्या भासावर धरला जातो. मात्र त्यांना मोठी पट एका कामासाठी हवीच असते. फोकस लक्ष्याच्या जरा अलीकडे आणला की तापल्या हवेच्या लहरी कुठे वाहतात ते दिसतं, वारा कळतो. लहरी सरळ वर उकळत असतील, तर आडवा वारा जवळजवळ नाही.

पक्ष्यांसाठी निरीक्षण मनोऱ्यावर चढा. उंचावरून झळा कमी आड येतात.