उलटा ट्रॅक्टर: मागे छोटं चाक लावून आठ महिने

माझी उंची 5 फूट 2 इंच. सायकल 29 इंची चाकांची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), सगळ्यात लहान मापाची फ्रेम, पुढे 120 मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क. रस्त्यावर झकास चालते. पण पुण्याच्या वेताळ टेकडीवर तीव्र उतार आला, सीट खाली घेऊन मागे सरकले, की मागचा टायर थेट बुडाला घासायचा. एकदा चांगली ट्रॅकपँट फाटली. दुसऱ्यांदा फाटली तेव्हा ठरवलं, मागे 27.5 चं चाक बसवायचं. पुढचं तसंच 29.

मेकॅनिक बघून म्हणाला, "ताई, हा तर उलटा ट्रॅक्टर झाला!" बाहेर याला 'मुलेट' म्हणतात. मुलेट म्हणजे पुढे आखूड, मागे लांब असा केसांचा कट. इथे मोठं चाक पुढे, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याने सायकल उलटीकडून पाहिली असावी. कल्पना मात्र जुनीच. मोटरसायकलींत रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला पुढे 21, मागे 17 इंची चाक आहे, हिरोच्या एक्सपल्सला 21 आणि 18. सायकल शर्यतींत यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये दोन मापांची चाकं चालवायला मुभा दिली आणि त्याच मोसमात स्लोव्हेनियातल्या मारिबोरची डाउनहिल (डोंगरउताराच्या शर्यतींची) वर्ल्ड कप फेरी फ्रान्सच्या लोइक ब्रुनीने अशाच सायकलवर जिंकली.

चाक बदलणं सोपं गेलं. डिस्क ब्रेक असल्याने रिम कितीही लहान असली तरी ब्रेकला फरक पडत नाही. जुन्या चाकाची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) आणि डिस्क काढून नव्यावर चढवली, टायर ट्यूबलेस केला, झालं. खरी गंमत पुढे आहे.

रिमचं माप 29 ला 622 मिमी, 27.5 ला 584. म्हणजे टायरची जाडी तीच ठेवली तर मागचा एक्सल 19 मिमी खाली येतो. चाक बदललं असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात अख्खी फ्रेमच मागे कलते. माझ्या सायकलचा हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन) 67 अंशांवरून साधारण 66 वर आला, सीटचा कोनही तेवढाच मागे गेला आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्याभोवती फिरतात तो सांधा) जवळजवळ 12 मिमी खाली उतरलं.

हे 12 मिमी मला पहिल्याच रविवारी कळले. रोजच्या वाटेवर, जिथे डोळे मिटून पेडल मारते, तिथे डावं पेडल कातळाला आपटलं आणि मी सरळ ग्लिरिसिडियाच्या झाडाला मिठी मारली. कोपर सोलवटलं. पुढच्या दोन आठवड्यांत पेडल किती वेळा आपटलं याची मोजदाद सोडून दिली.

मग उपाय केले. 170 मिमीची क्रँक (पेडलचा दांडा) काढून 160 ची घातली. पेडल 10 मिमी वर आलं, माझ्या आखूड पायांनाही बरं झालं (सीट मात्र तेवढीच वर घ्यावी लागते, हे विसरू नका). मागचा टायर 2.4 इंच रुंदीऐवजी 2.6 चा टाकला, त्याने एक्सल अर्धा सेंटीमीटर परत वर आला. सीट रेल्सवर पुढे सरकवून नाक किंचित खाली केलं, कारण चढावर पुढचं चाक उगीच भरकटायला लागलं होतं. या तीन गोष्टी केल्याशिवाय हा प्रयोग करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लिप चिप (फ्रेमचे कोन थोडे बदलू देणारा छोटा तुकडा) असलेली फुल सस्पेन्शन सायकल असेल तर बरंचसं काम तीच करते.

आता चालवण्याबद्दल. वळणात सायकल पटकन पडते, म्हणजे झुकते. मुरमाच्या उतारावर आडवं वळण आलं की पूर्वी मागचा भाग ओढून आणल्यासारखा यायचा, आता शेपटीसारखा मागून येतो. लोक म्हणतात चेनस्टे (पेडलच्या सांध्यापासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी) आखूड होतो म्हणून. साफ चूक! एक्सल त्याच खाचेत आहे, चेनस्टे इंचभरही बदललेला नाही. छोट्या चाकासाठीच बनवलेल्या फ्रेममध्ये तो आखूड करता येतो, माझ्यासारख्या जुगाडात नाही. फरक येतो तो हलक्या चाकामुळे, वजन खाली गेल्यामुळे आणि मुख्य म्हणजे मागे सरकायला जागा झाल्यामुळे. घाबरून ताठ बसणारी मी आता खरंच अंग हलवते.

"छोटं चाक दगडावर अडतं" हेही ऐकलं होतं. हिशेब करून पाहिला: 10 सेंटीमीटरच्या पायरीला 29 चं चाक साधारण 43 अंशांत भिडतं, 27.5 चं 44 अंशांत. एका अंशासाठी कोण रडणार! त्रास झाला तो खड्ड्यांत. पावसाळ्यात म्हशी चालून गेलेली वाट उन्हाळ्यात विटेसारखी वाळते, त्या खुरांच्या खड्ड्यांत मागचं चाक दरवेळी जास्त खोल बसतं. तिथे कंबर सांगते.

गिअर साधारण पाच टक्के हलका झाला, त्यामुळे पेडलजवळची 30 दातांची छोटी चेनरिंग घ्यायचा बेत रद्द. स्पीड सेन्सर मागच्या हबवर आहे आणि त्यात चाकाचं माप बदलायला मी विसरले, म्हणून पहिला आठवडा 20 किलोमीटरची फेरी 21 दाखवत होती. ग्रुपवर फुशारकी मारून झाल्यावर कळलं. ट्यूब एकच नेते, 27.5 ची. अडीनडीला ती 29 मध्येही चालते. ट्रॅकपँट शाबूत आहे.

परवा 5 फूट 11 इंचांच्या मित्राला खाणीपर्यंत फेरी मारायला दिली. परत आला आणि म्हणाला, "मला तर काहीच फरक कळला नाही. पेडल तेवढं आपटलं."