कंबरदुखीच्या 'पॅकेज'पासून सावध राहा

कंबर धरली की माणूस रात्री दोन वाजताही मोबाइलवर उपाय शोधत बसतो. कूस बदलता येत नाही, उठून बसवत नाही, शिंक येणार म्हटलं तरी धडकी भरते. नेमक्या अशाच वेळी 'शस्त्रक्रियेशिवाय मणक्याचा कायमचा इलाज, पहिली तपासणी मोफत' ही जाहिरात माझ्यासमोर आली. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण त्याच पद्धतीनं पैसे काढून घेतलेली आणखी माणसं मला त्या केंद्रात बाकावर बसलेली भेटली.

मोफत तपासणीत तपासणी अशी झालीच नाही. टाचांवर, चवड्यांवर चालून दाखवा असं कुणी म्हटलं नाही. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला नाही. दुखणं पायात उतरतं का, मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, हे साधे प्रश्नही नाहीत. थेट एमआरआय करून आणायला सांगितलं. अहवाल आल्यावर पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी 'डिस्क बल्ज' या शब्दांभोवती लाल पेनानं गोल काढला आणि म्हणाले, "गादी सरकली आहे. आता दुर्लक्ष केलंत तर पाय लुळा पडेल." माझी बायको शेजारी बसली होती. तिचा चेहरा पडला, आणि त्यानंतरचं सगळं बोलणं त्यांनी तिच्याकडे बघून केलं.

कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधली चकती फुगलेली असण्याचं, म्हणजेच 'डिस्क बल्ज'चं, प्रमाण विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के आढळलं. वयानुसार केस पिकतात तसंच हेही बरंचसं होत असतं. अहवालातला तो शब्द रुग्णाच्या तक्रारीशी आणि प्रत्यक्ष तपासणीशी जुळतो का, हे बघितल्याशिवाय त्यावरून पाय जाण्याची भीती घालणं हा धडधडीत खोटेपणा आहे.

मग पॅकेज पुढे आलं. ट्रॅक्शनच्या यंत्रावर कंबर ताणायची सत्रं, कमरेचा पट्टा, 'मणक्यासाठी खास' फळीसारखी कडक गादी आणि नाव-घटक काही न छापलेल्या पुड्या. आजच्या आज भरलं तर सवलत, आणि सगळी रक्कम आधी. पैसे नसतील तर तिथेच बसून मोबाइलवर कर्ज मंजूर करून देणारा मुलगा तयार होता. या कर्जाबद्दल नीट समजून घ्या: ते तुमच्यात आणि पैसे देणाऱ्या कंपनीत होतं. केंद्रानं सत्रं दिली नाहीत, बंद पडलं किंवा तुम्ही जाणं थांबवलंत, तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. पावतीवर 'उपचार' हा शब्द नव्हता, 'वेलनेस सेवा' असं होतं, आणि खाली बारीक अक्षरात रक्कम परत मिळणार नाही ही अट.

सोबत ताकीद होती: घरी व्यायाम बंद, चालणं बंद, पडून राहा. दुखणं वाढलं की सांगायचे, "शिरा मोकळ्या होताहेत, उपचार लागू पडतोय." कमी झालं की श्रेय यंत्राचं. काहीही घडलं तरी उत्तर एकच, सत्रं वाढवा.

नव्यानं उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत बरीच ओसरते. हा सगळा धंदा त्यावर उभा आहे. शरीर आपलं आपण सावरत असतं, आणि त्या सावरण्याचं बिल आपल्याकडून वसूल होतं. दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारात जे देऊ नये असं त्यांनी म्हटलं, त्यात ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे दोन्ही आहेत. व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणं हे मात्र शिफारशींत आहे. फळीसारख्या कडक गादीचा दावाही टिकत नाही. २००३ साली ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कडक गाद्यांवर झोपणाऱ्यांपेक्षा मध्यम कडक गाद्यांवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

पुड्या मी घेतल्या नाहीत. अशा निनावी औषधांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडल्याची प्रकरणं अनेक देशांत उघड झाली आहेत. कुणी बरेच दिवस त्या घेत असेल तर मनानं एकदम बंदही करू नयेत. स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं ठरतं, म्हणून पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत जे शिकवलं त्याला घरातल्या उशा आणि एक खुर्ची पुरली. उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली जाड उशी किंवा लोड, म्हणजे कमरेवरचा ताण उतरतो. कुशीवर झोपायचं तर गुडघे थोडे दुमडून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळली जाते. पालथं झोपल्याशिवाय ज्यांना झोपच येत नाही त्यांनी ओटीपोटाखाली पातळ उशी घ्यावी. फारच ठणका असेल तेव्हा जमिनीवर चटई टाकून उताणं पडायचं आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, गुडघे काटकोनात. मला सगळ्यात जास्त उतार याच स्थितीत पडायचा. काहींना उलट पालथं पडून बरं वाटतं. ज्या स्थितीत पायातली कळ कमी होते ती आपली, इतकं साधं आहे हे.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्ख्या अंगानं कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत उठायचं. बसताना टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात ठेवायची, पण कितीही चांगली बैठक असली तरी अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाकायची. शेक पंधरा-वीस मिनिटं, सोसेल इतकाच गरम, आणि शेकाच्या पिशवीवर झोपी जायचं नाही, त्वचा भाजते. आणि चालणं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. पडून राहिल्यानं स्नायू आखडतात आणि बरं व्हायला उशीर लागतो.

घरचे उपाय कुठे थांबवायचे हेही त्यांनीच बजावलं. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. ताप, विनाकारण घटणारं वजन, पडल्यानंतरचं दुखणं किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं, यातही वाट बघायची नाही. माझ्या 'मोफत तपासणीत' यातलं एकही विचारलं गेलं नव्हतं, याचा राग मला गेलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे. खरोखर शीर दाबली गेलेला माणूसही त्यांनी तसाच यंत्रावर चढवला असता.

कुठेही पैसे भरण्याआधी समोरच्याचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक मागा आणि तो वैद्यकीय परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. पैसे सत्रागणिक द्या. उपचाराचं नाव लिहिलेली पावती घ्या. एमआरआयची फिल्म आणि अहवाल तुमचे आहेत, ते तिथे ठेवून येऊ नका. माझा अहवाल त्यांनी 'फाइलला' ठेवून घेतला होता आणि तो परत मिळवायलाच मला लेखी अर्ज द्यावा लागला. त्याच अर्जात मी न घेतलेल्या सत्रांची रक्कमही मागितली. बरीच पत्रापत्री झाल्यावर तिचा काही भाग परत आला. पट्ट्याचे आणि गादीचे पैसे अजून मिळालेले नाहीत.